लाकडाचा माग

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वाचनालयाच्या छपराचं लाकूड आज आलं. पहिली खेप, चौदा तुळया आणि फळ्यांचे सहा गठ्ठे. सुतार मिस्त्रीने एकेका तुळईवर बोटाने टकटक केलं आणि मान डोलावली. तो फारसं बोलत नाही. मान डोलावली म्हणजे माल पसंत.

मी नेहमीप्रमाणे साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये कागद घेऊन बसलो. मी लाकूड विकत घेतो असं लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे मी लाकडाचे कागद वाचतो. झाड कुठल्या जंगलात उभं होतं, लावलेलं होतं की आपसूक वाढलेलं, तोडलं कुणी, कापलं कुठे, त्याच्या जागी नवं लावलं का. बुंध्यापासून आमच्या दारापर्यंत हा सगळा माग कागदावर असावा लागतो. माग मध्येच तुटला की लाकूड कितीही देखणं असो, परत. आमची कंपनी निसर्गाला धक्का न लावता इमारती बांधते अशी तिची ख्याती, त्यामुळे हे सोवळं पाळावंच लागतं.

तिसरा कागद जंगल तपासणीचा, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा. 'बावीस वर्षांची लागवड. तोडीस योग्य.' खाली हिची सही.

गंमत म्हणजे आधी मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. एकतीस वर्षं ही सही मी पाहतो आहे. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर, घराच्या करारावर, कुरिअरच्या पावतीवर. शेवटच्या अक्षराची शेपटी वर जाते आणि तिथे दोन टिंबं. जांभळी शाई. जंगल तपासनीस झाल्यापासून ही जांभळ्या शाईनेच सही करते, अस्सल कागद आणि झेरॉक्स लगेच ओळखू यावेत म्हणून.

पुढचा कागद उलटला आणि मग हात थांबला.

सहीखाली तारीख वीस जानेवारी, यंदाची. ही गेली त्याला डिसेंबरात वर्ष झालं.

कागद फाइलला लावायचा असतो. मी तो घरी आणला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तारीख चुकली असणार. ती हाताने लिहिलेली नाही, छापील आहे. कुणीतरी वर्ष चुकीचं टाकलं. दोन वर्षं मागचं धरलं तर सगळं जमतं. लाकूड वखारीत दोन वर्षं पडून राहू शकतं. मिस्त्री म्हणतो तुळया अजून ओलसर आहेत, सुकवल्याशिवाय चढवणार नाही. असेल. वखारीत ओल असेल.

वखारवाल्याला सहज म्हणून फोन केला.

"साहेब, कागद एकदम चोख आहेत," तो म्हणाला. "जंगल तपासून घेतलंय."

"कुणी तपासलं?"

"संस्थेच्या बाईंनी. सही आहे ना खाली?"

"आहे."

"मग झालं तर!"

त्या बाई माझ्या कोण हे त्याला ठाऊक नाही. हिने लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं. ऑफिसातही कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

कागद उलटा करून त्यावरून बोट फिरवलं. सहीचा दाब मागून हाताला लागतो. ही पेन असं दाबून धरते की खालच्या तीन पानांवर उमटतं. शेवटच्या वर्षी अंगठ्याचा सांधा धरायचा, तरी दाब कमी झाला नाही. एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून फॉर्मांचा गठ्ठाच पुढे ओढला होता. "आज अंगठा बरा आहे, तोवर उरकून घेते." एकामागून एक सह्या. मी चहा ठेवला. चाळीस झाल्यावर पेन टाकलं आणि चोळून दे म्हणून हात माझ्यापुढे धरला. हाताला राळेचा वास. जंगलात जाऊन आल्यावर दोन-दोन दिवस जात नसे.

आज कागदालाही तो वास आहे असं वाटलं. लाकडाबरोबर आलेला कागद, वास येणारच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आर्किटेक्टबाईंशी वाद झाला. दुसऱ्या खेपेसाठी त्यांना जवळच्या लागवडीतलं लाकूड हवं होतं. "कमी अंतरावरून येईल, आणि ते जंगल मी स्वतः पाहिलंय," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, रंग जुळणार नाही. एकाच छपराखाली दोन रंगांच्या तुळया म्हणजे ठिगळ लावल्यासारखं दिसेल. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. रंगाचा विषय त्यांचा, मी आजवर त्यात कधी तोंड घातलं नव्हतं.

शेवटी ऐकलं त्यांनी. ऑर्डर त्याच वखारीला गेली. रंगाचं मी म्हणालो ते काही अगदीच खोटं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुसरी खेप आली. या वेळी तपासणीचे दोन कागद. दोन्हींवर ही.

मिस्त्री काहीतरी सांगायला आला होता. नंतर ये म्हणालो.

तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि त्यांच्यासमोर बसून जेवलो. वेडेपणा आहे, मला कळतं. पण चौदा महिन्यांत आज पहिल्यांदा ताट टीव्हीपुढे नेलं नाही. जेवताना स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी उठून बघितलं नाही. बघितलं असतं तर नुसतं स्वयंपाकघर दिसलं असतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

लेक आली होती. दुसऱ्या शहरात असते, दवाखान्यात फिजिओथेरपी करते, महिन्यातून एकदा येते. आल्या आल्या फ्रिज उघडून माझ्या नावाने खडे फोडले, मग टेबल पुसायला गेली.

"बाबा, हे काय आहे?"

"ऑफिसचे कागद."

"आईची सही आहे."

"हो ना."

ती बराच वेळ वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, "तारीख बघितलीस?"

"छपाईची चूक आहे."

"तिन्ही कागदांवर?"

"हिच्या ऑफिसात तसे गोंधळ होतात. हिला विचार, ही नेहमी सांगते…"

मी तिथेच थांबलो. लेकीने फडकं खाली ठेवलं.

"कुणाला विचारू, बाबा?"

मी चिडलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आईला विसरायची तुला फार घाई झालीय, असं काहीसं. तिने तिन्ही कागदांचे मोबाइलवर फोटो काढले आणि दुपारच्याच गाडीने गेली. जाताना दारातून म्हणाली, "ते लाकूड कुठून येतंय ते तरी बघ. आईने तेच बघितलं असतं."

ती गेल्यावर फोनचं आठवलं. रोजच आठवतं, लिहीत नाही, एवढंच. त्या दिवशी हिचे तीन फोन आले होते. मी मीटिंगमध्ये होतो, तिन्ही कापले. चौथा हिच्या ऑफिसातून आला. जिन्यात चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव. काय सांगायचं होतं हिला?

सोमवार, ३ मार्च

मिस्त्रीने आज मला हात धरूनच नेलं. एका तुळईचं टोक त्याने रंधून गुळगुळीत केलं होतं. त्यावर दर दहा वलयांनंतर पेन्सिलीची खूण.

"साहेब, झाड वर्षाला एक वलय धरतं."

"माहीत आहे मला."

"मग मोजा."

मी मोजली नाहीत. त्याच्या खुणाच मोजल्या. चौदा. आणि हा नुसता एक तुकडा, गाभ्यापासून सालीपर्यंत पोचलेलाही नाही.

"कागदावर किती लिहिलंय?" त्याने विचारलं.

"बावीस."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "माझ्या खापरपणजोबांच्या आधीचं झाड आहे हे," म्हणाला, "लागवडीचं कसं असेल? मी तुम्हाला त्या दिवशीच सांगायला आलो होतो."

"आत्ता कुणाला बोलू नकोस. मी बघतो."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. मिस्त्रीने माझ्याकडे न पाहता पेन्सिल कानावर खोचली. मी केबिनमध्ये आलो आणि दुसऱ्या खेपेच्या स्वीकृतीवर सही केली. सुकल्या की त्या तुळया छपरावर चढतील. का सही केली, हे इथे तरी खरं लिहायला हवं. परत पाठवली असती तर तिसरी खेप आली नसती.

शनिवार, ८ मार्च

जंगलात जाऊन आलो.

कागदावर गट क्रमांक होता, त्यावरून शोधलं. पाच तासांचा रस्ता, शेवटचा तास पायी. दुपारचं ऊन होतं, तरी आत धुकं होतं, गुडघ्याइतकं. लागवडीचं जंगल ओळखू येतं. शाळेतल्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी झाडं रांगेत असतात. इथे रांग नव्हतीच. वाकडीतिकडी, शेवाळलेली, एकमेकांच्या अंगावर रेललेली प्रचंड झाडं, आणि मग अचानक झाडंच नाहीत. नुसते बुंधे. किती ते मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

तोडून महिना-दोन महिने झाले असतील, पण बुंधे अजून राळ गाळत होते. पिवळी धार सालीवरून उतरून मातीत जात होती. पाखराचा आवाज नाही. आणि सगळीकडे तो वास, हिच्या हाताचा. एका बुंध्यावर बसलो, त्यावर चार माणसं पाय पसरून झोपली असती. खिशातल्या टाचणीने वलयं मोजायला लागलो. दोनशे दहापर्यंत गेलो आणि डोळे पाणावले. मागे पानं वाजली. मी हिला हाक मारली. मोठ्याने, घरात मारतो तशी. लिहिताना लाज वाटते.

मागे राळ गोळा करणारी एक म्हातारी बाई होती. पाठीवर डबा. घाबरली बिचारी.

"तुम्ही तोडणाऱ्यांपैकी का?" तिने विचारलं.

"नाही. इथे तपासणीला एक बाई यायच्या…"

"जांभळ्या पेनाच्या?" ती एकदम मोकळी झाली. "आल्या होत्या ना! गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबर संपत आला होता तेव्हा. बरोबर एक चष्म्याचा माणूस होता. तो सारखा कागद पुढे करत होता. बाईंनी त्या पलीकडच्या झाडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ह्याचं वय विचारायचीसुद्धा मला लाज वाटते, ह्याला लागवड म्हणून सही मागतोस? कागद परत दिला. माझ्याकडचं पाणी प्यायल्या आणि गेल्या."

पलीकडचं झाड म्हणून तिने बोट दाखवलं तिथे बुंधाच होता.

म्हणजे हिने सही दिली नव्हती. मग ही सही कुठून आली? हिच्याच हातची आहे. मी ओळखतो. खोटी असणं शक्यच नाही.

बसमध्ये बसेपर्यंत तेच घोळवत होतो. बस सुटली आणि तो रविवार आठवला. टेबल, चहा, चाळीस फॉर्म. ते भरलेले नव्हते. कोरे होते. सगळे कोरे होते.

बुधवार, १२ मार्च

हिच्या ऑफिसात हिच्या हाताखाली एक जण होता. जाड भिंगाचा चष्मा, म्हणून ही त्याला ढापण्या म्हणायची, त्याच्या तोंडावर, लाडाने. या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या कधी डोक्यात आला नाही. ही गेल्यावर आठवड्याने तो घरी आला होता. माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. निघताना म्हणाला, मॅडमच्या ऑफिसच्या कागदांची पेटी मी नेतो, तुम्हाला उगाच डोळ्यांसमोर नको. मी स्वतः ती जिना उतरून त्याच्या गाडीत ठेवली. केवढा समजूतदार मुलगा, असं तेव्हा वाटलं होतं.

आज त्याच्या टेबलासमोर बसलो. तिन्ही कागद पुढे ठेवले. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"काका, सही खोटी नाही."

"माहीत आहे."

"त्यांनीच दिले होते. अंगठा दुखायचा, सहीसाठी सारखं जंगलातून परत यायला नको, साध्यासुध्या लागवडींसाठी वापर म्हणाल्या. माझ्यावर विश्वास होता."

"आणि या जंगलाला तिने नाही म्हटलं होतं."

तो भराभर बोलायला लागला. हिच्या जागी कुणाला नेमलंच नाही, शंभर जंगलं आणि दोघं माणसं, वखारवाले रोज दारात, एकदा एक फॉर्म वापरला आणि मग थांबता आलं नाही.

"पण गेलेल्या माणसाची सही चालली कशी?" मी विचारलं. "तारखा कुणी बघितल्या नाहीत?"

"मुख्य नोंदवहीत त्यांचा क्रमांक अजून चालू आहे. नाव कमी करायचा अर्ज घरच्यांनी करायचा असतो. तुम्हाला पाठवला होता. दोनदा."

तो अर्ज माझ्या कपाटात आहे. वर्षापूर्वी आला. 'मृत्यूची तारीख' अशी पहिलीच ओळ होती. मी तो दोन्ही वेळा घडी घालून आत टाकला.

ढापण्याने खण उघडला, एक पाकीट काढलं. "आठ उरलेत. घेऊन जा. आणि काका, चौकशी लागलीच, तर सह्या वखारवाल्याने बनावट केल्या असं तुम्ही सांगा. घरचा माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? मीही तेच सांगेन. मॅडमचं नाव तरी स्वच्छ राहील."

मी त्याच्यावर हात उगारायला हवा होता, निदान ओरडायला तरी. मी पाकीट घेतलं.

पुरावा म्हणून घेतलं. घरी येऊन आठही कोरे कागद टेबलावर मांडले. वर सगळं रिकामं, तळाशी ही.

रविवार, १६ मार्च

लेकीला फोन करून बोलावलं. सगळं सांगितलं, अर्जाचं आणि दुसऱ्या खेपेचंही. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. आठ कागद एकेक करून हातात घेतले.

"आईने कोऱ्या कागदावर सही केली?"

"हो."

"तू बघत होतास?"

"चहा करत होतो."

तिला हे सगळ्यात जास्त लागलं. लहानपणी प्रगतिपुस्तक न वाचता सही करत नसे आई, म्हणाली. मग कागद नीट रचत, "बनावट आहेत असं सांगितलं तर?"

"तर तुझी आई सुटते. मीही सुटतो जवळजवळ."

"आणि ढापण्या?"

"तोही. वखारवाला अडकेल, पण तो म्हणेल मला कागद संस्थेतून आले. वर्षभर चालेल. तोवर राहिलेलं जंगल तोडून झालेलं असेल."

लेक उठून खिडकीशी गेली. तिला रडताना बघितलेलं आवडत नाही, आईवर गेलीय. पाठमोरीच म्हणाली, "तिने त्या दिवशी तुला फोन याच्यासाठी केला असेल का? त्या लाकडापासून सावध कर म्हणून?"

"असेल. किंवा येताना बल्ब आण म्हणून. ते काही कळायचं नाही आता."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो.

ती संध्याकाळच्या गाडीने जाणार होती. गेली नाही. आम्ही दोघांनी मिळून तक्रारीचं पत्र लिहिलं. शुद्धलेखन तिने बघितलं.

मंगळवार, ८ एप्रिल

चौकशी झाली. लांबलचक खोली, एक टेबल, चौकशी अधिकारी बाई, एक टायपिस्ट. आर्किटेक्टबाई कंपनीतर्फे आल्या होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. ढापण्या वकिलाशेजारी. लेक मागच्या बाकावर.

अधिकारी बाईंनी कागद पुढे सरकवला. "ही सही कुणाची?"

ढापण्याने हळूच मान हलवली, मला उद्देशून, शिकवणीतल्या मास्तरासारखी.

"माझ्या बायकोची," मी म्हणालो.

"बनावट आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही. तिच्याच हातची आहे. तिने चाळीस कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. माझ्यासमोर. ते नियमाला धरून नव्हतं हे तिला माहीत होतं आणि मलाही. पण या जंगलासाठी तिने सही नाकारली होती. त्याला साक्षीदार आहे."

"त्यांच्या मृत्यूची तारीख?"

टायपिस्टची बोटं वर उचललेली. मी तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष. ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा म्हणाली. पुन्हा सांगितली.

मग माझं. दुसऱ्या खेपेवर सही करण्याआधी मला संशय होता का? संशय नव्हता, खात्री होती, म्हणालो. मग सही का केलीत? मी खरं ते सांगितलं. टायपिस्टने अधिकारी बाईंकडे पाहिलं, हे टाइप करायचं का म्हणून. बाई म्हणाल्या, करा.

शेवटी आठ कोरे फॉर्म मी टेबलावर ठेवले. बाईंनी लाल पेन घेतलं आणि एकेका सहीवर आडवी रेघ मारली, सावकाश, पट्टी लावून. प्रत्येक रेघेशेजारी मला आद्याक्षरं घालायला सांगितली. आठ वेळा. पाचव्याला मी पेन खाली ठेवलं. लेक मागून उठून आली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं नाही.

बाहेर जिन्यात ढापण्या भेटला. डोळे लाल. "तुम्ही मॅडमना बुडवलंत, काका," म्हणाला.

मी जिना उतरत राहिलो. त्याचं म्हणणं खोटं आहे असं अजूनही मला पूर्ण वाटत नाही.

बुधवार, ३० एप्रिल

निकालाचं पत्र आलं. त्या जंगलातली तोड बंद. वखारीचा परवाना गेला, ढापण्या निलंबित. हिचं नाव तपासनिसांच्या यादीतून काढलं, 'मयत' म्हणून नाही, 'रद्द' म्हणून. सव्वीस वर्षांत हिने पास केलेलं प्रत्येक जंगल पुन्हा तपासणार आहेत. हिने ज्यांना ताटकळत ठेवलं, ज्यांच्याशी भांडली, ते सगळे आता हसत असतील.

माझ्या सहीचा अधिकार कंपनीने काढून घेतला. नोकरी राहिली, ती आर्किटेक्टबाईंमुळे. दुसरी खेप जप्त झाली. पहिल्या खेपेच्या चौदा तुळया एव्हाना छपरावर चढल्या होत्या, त्या उतरवायच्या का यावर त्यांनी दोन दिवस घेतले. शेवटी म्हणाल्या, "उतरवून टाकायच्या कुठे? झाड काही परत उभं राहणार नाही." वाचनालयाला आता पर्यावरणाचं मानांकन मिळणार नाही. तुळया राहतील. मिस्त्रीने चौदा खुणांचं ते टोक झाकलं नाही, तसंच ठेवलंय. कुणी विचारलं तर सांगेन, म्हणाला.

घर फार शांत आहे. खुर्ची सरकत नाही. मी एक-दोनदा वाट बघितली.

मंगळवार, २० मे

उरलेल्या तुळयांसाठी आर्किटेक्टबाईंच्या त्या जवळच्या लागवडीत गेलो होतो. आता मी फक्त सोबत, सही त्यांची. रांगेतली झाडं, प्रत्येकावर क्रमांक, मधून ऊन. बघण्यासारखं काही नाही, याचंच बरं वाटलं.

संस्थेने नवी तपासनीस पाठवली होती. जेमतेम तिशीची, चिखलाने भरलेले लाल गमबूट, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरून ऐकू यावा. आल्या आल्या लागवडवाल्याशी भांडण.

"सत्तर झाडं दाखवलीत, यादीत शहात्तर आहेत. सहा कुठे गेली?"

"अहो ताई, ती वरच्या अंगाला आहेत. चढ आहे. सारखीच आहेत सगळी, खालूनच लिहून टाका ना."

"चढ आहे तर चढू. मला काय घाई आहे?"

आर्किटेक्टबाईंनी घड्याळ बघितलं. दुपारी त्यांची दुसरी मीटिंग होती. ती मुलगी माझ्याकडे वळली. "काका, दोन तास तरी लागतील. तुम्ही सावलीत बसा हवं तर."

बसलो. ती वर चढत गेली. एकदा घसरली, स्वतःलाच शिवी दिली, उठली. डावखुरी होती. झाडाभोवती टेप धरून आकडे ओरडत होती आणि लागवडवाला खालून कुरकुरत ते लिहून घेत होता. मी तिच्याकडे बघत राहिलो. चालणं बघितलं, हात बघितले, बोलणं कान देऊन ऐकलं. सतरा महिने मी हेच करत आलोय, बसस्टॉपवर, दुकानात, कुणाही बाईकडे बघून. कुठेतरी हिचं काहीतरी सापडतंच. मान वळवायची लकब, पदर, खोकला.

या मुलीत काही सापडेना. ती माझ्या बायकोसारखी अजिबात नव्हती.

दोन तासांचे तीन झाले. आर्किटेक्टबाई कंटाळून गाडीत जाऊन बसल्या. मी तिथेच थांबलो.